चेंडू कुणाला लागला

सामना संपायला जेमतेम काही मिनिटं उरली होती, बरोबरी सुटत नव्हती, आणि लाल संघाने मारलेला चेंडू पंचांच्या पार्श्वभागाला लागून जाळ्यात गेला. मैदानावर ही गोष्ट एकाच माणसाला पक्की ठाऊक होती, कारण पार्श्वभाग त्याचाच होता.

सवयीने पंचांनी शिट्टी मारली, गोल दिला आणि मग त्यांना नियम आठवला. पंचाला लागून गेलेला गोल धरत नाहीत. त्यात प्रेक्षकांत पंचांची पारख करणारे परीक्षक बसलेले. पंचांच्या वरच्या वर्गात जायची ही शेवटचीच संधी, पुढच्या वर्षी वय उलटणार. आणि चेंडूच्या वाटेत खांबासारखा उभा राहणारा पंच कोण वर घेईल?

निळ्या संघाने त्यांना घेराव घातला.

"सर, त्याच्या हाताला लागला."

"माझे हात मागे होते, सर," चेंडू मारणारा लाल पोरगा काकुळतीला आला.

आता व्हिडिओ बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. व्हिडिओच्या खोलीत बसली होती पंचांची बायको. तीही परीक्षा पास झालेली पंच, आणि नजर अशी की घरात उशीचा अभ्रा उलटा घातला तरी दारातून कळायचं.

यंदा नवा नियम होता. तपासणी प्रेक्षकांना सांगायची. पंचांनी कमरेचं बटण दाबलं आणि घोषणा केली, "गोल तपासला जात आहे." यंत्रणा स्वस्तातली. बटण चालू असलं की पंच आणि खोली, दोघांचंही बोलणं कर्ण्यावर जायचं. घोषणा झाली की बटण पुन्हा दाबून बंद करायचं, असं शिकवलं होतं. पंच घाबरलेले. ते राहून गेलं.

"अहो," दोन्ही कानांत गच्च बसवलेल्या यंत्रात बायको म्हणाली. त्या यंत्रामुळे पंचांना कर्णा ऐकूच येत नव्हता. "चेंडू हाताला बिताला काही नाही. तुम्हाला लागलाय. मागे."

"हळू बोल."

"हळू काय? माझ्यापुढे चार कॅमेरे आहेत. चारहीमध्ये तुम्हीच आहात."

पंचांनी तोंडावर हात धरला. "अगं, ऐक. गोल तसाही रद्दच होणार. मग हाताला लागला म्हण ना. निकाल तोच, कारण तेवढं वेगळं."

"आणि त्या पोराला फुकट चोर ठरवायचं? कपबशी फोडून मांजरावर ढकलता, तसं?"

"माझ्या बढतीचा प्रश्न आहे गं."

"मग सरळ वागून मिळवा."

लोक हसताना दिसत होते. निकाल लांबल्यामुळे हसत असतील, असं पंचांना वाटलं. त्यांनी लाल पोराकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पंचांना स्वतःचीच लाज वाटली. काय व्हायचं ते होऊ दे, म्हणत त्यांनी छाती पुढे काढली आणि बटण दाबलं.

बटण बंद झालं.

"चेंडू मला लागला," पंच गंभीर आवाजात म्हणाले. "चूक माझी आहे. गोल रद्द."

मैदानावर कुणाला एक अक्षर ऐकू आलं नाही. पंच नुसतेच तोंड हलवत राहिले आणि प्रेक्षक पोट धरून हसत राहिले. शेवटी लाल कर्णधार जवळ आला. "सर, आम्हाला वहिनींचं सगळं कळलंय. खेळ सुरू करा."

उरलेला सामना पंचांनी मान खाली घालून उरकला.

नंतर पंच व्हिडिओच्या खोलीत गेले आणि मागोमाग परीक्षक आले. "मांजरापर्यंत सगळं ऐकलं मी," ते म्हणाले. "वहिनी, वरच्या वर्गात या. तुम्हाला मात्र जमणार नाही, साहेब. चूक कबूल करायला हिंमत लागते."

"केली की कबूल," बायको म्हणाली. "सगळ्यांसमोर. फक्त कुणाला ऐकू गेलं नाही."

"पुरावा?"

"इथलं बोलणं सगळं साठवलं जातं." तिने कळ दाबली. पंचांचा आवाज खोलीत घुमला, "चेंडू मला लागला. चूक माझी आहे."

परीक्षकांनी खिशातून पेन काढून दोघांचीही नावं लिहिली. "झालं. माझी खात्री पटली."

बायकोने पुन्हा कळ दाबली. चूक माझी आहे. मग परत एकदा. चूक माझी आहे.

"अहो वहिनी, पटली म्हटलं ना माझी खात्री."

"तुमची पटली हो," ती खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "लग्नानंतर मी हे पहिल्यांदाच ऐकतेय."