मुरलीशेठची प्रतवारी

माझ्या साखरपुड्यात मुरलीशेठनं लाडवांची परात उपडी केली. पंगत बसायच्या आत, सासरच्या मंडळींसमोर. तळातले चार लाडू दाबून पाहिले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "माल सारखा हाय. चालू द्या." सासरे आजही त्यांचा विषय निघाला की उठून अंगणात जातात.

मुरलीशेठ आमचे वारूळवाडीचे शेजारी. नारायणगावच्या बाजारात शेतकऱ्यांच्या टोमॅटोची प्रतवारी करून द्यायचे. एक नंबर, दोन नंबर आणि उरलेला टाकाऊ माल म्हणजे 'बदला'. क्रेट समोर आला की आधी उपडा. "वरचा थर खोटं बोलतो, भाऊ," हे वाक्य मी रोज ऐकलंय, कारण बाजार उरकला की हा गृहस्थ थेट माझ्या मेडिकलच्या दुकानात यायचा आणि काउंटरला टेकून गिऱ्हाइकांना नंबर द्यायचा. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका बाईंना तोंडावर म्हणाले, "दोन नंबर, पण टिकाऊ." त्या बाई आता समोरच्या दुकानात जातात.

बोरी बुद्रुकच्या सख्ख्या मेहुण्याचा माल त्यांनी भर बाजारात बदल्यात टाकला. ताराकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भावासाठी डोळ्यांत पाणी आणलं. शेठचं उत्तर एकच, नंबर हाय तो हाय.

गावात नुकते मोबाइल वाजायला लागले होते त्या सुमाराची गोष्ट. शेठना लघवीचा त्रास सुरू झाला. पुण्याला घेऊन गेलो मीच, दुसरं कोण जाणार? प्रोस्टेटमध्ये गाठ निघाली. सुयांनी तुकडे काढून तपासले, कॅन्सर होता. त्यातही प्रतवारी असते हे ऐकून हा माणूस खुर्चीत ताठ बसला. मी घाबरलेलो, आणि यांना उत्साह!

डॉक्टरांनी समजावलं. पेशी जितक्या बिघडलेल्या तितका आकडा मोठा. ज्या जास्त दिसतात त्यांचा आकडा आधी, त्याखालच्यांचा नंतर. शेठचे आले तीन अधिक चार. मी म्हणालो, म्हणजे सात. शेठनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. परतीच्या एसटीत राजगुरुनगर येईपर्यंत शिकवणी चालली. तीन अधिक चार म्हणजे बरा माल जास्त, वाईट थोडा. चार अधिक तीन म्हणजे वाईटच जास्त. बेरीज तीच, पण ऑपरेशननंतर दुखणं उलटायची भीती मोठी. मागच्या सीटवरचा पावणा टोमॅटोचा भाव विचारू लागला.

पण खरा वाद त्यांनी डॉक्टरांशीच घातला होता. चार सुया टोचून नंबर देता, क्रेट उपडा केला का? डॉक्टर हसले. ऑपरेशन करून ग्रंथी पूर्ण काढली की ती सगळी तपासतात, तेव्हा नंबर बदलूही शकतो, असं त्यांनी कबूल केलं. शेठना एवढंच हवं होतं. ऑपरेशनला ते बाजाराला निघाल्यासारखे गेले.

पंधरा दिवसांनी शेवटचा रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. काकू बाहेर बाकावर बसल्या. आत डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. चार अधिक तीन.

गाठ ग्रंथीच्या बाहेर गेलेली नव्हती, हे चांगलं होतं. तरी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, दुखणं परत डोकं वर काढतंय का ते पाहायचं. शेठनी कागदाची नीट घडी घातली आणि उठले.

बाहेर आलो. काकू उठून उभ्या राहिल्या. शेठ म्हणाले, "तीन अधिक चार. सुयांनी सांगितलं व्हतं तेच. तीनच जास्त हाय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

एसटीत काकूंना खिडकीशी बसवून ते माझ्या शेजारी आले आणि घडी केलेला रिपोर्ट माझ्या पिशवीत सारला. "तिला आकडे वाचता येत्यात," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून त्यांचे सगळे रिपोर्ट माझ्या दुकानात, वरच्या कप्प्यात आहेत. पहिल्या तपासणीचा कागद आला तेव्हा रक्तातला आकडा अगदी नगण्य होता, म्हणजे दुखणं परतलेलं नव्हतं. मी आनंदानं सांगितलं. शेठ काउंटरपलीकडे उभेच राहिले. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला नंबर दिला नाही.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "घरी दिवसभर ठणठणीत असल्यागत ऱ्हावं लागतं. लई दमायला व्हतं. हितं थोडा येळ बसू का?"

इतक्या वर्षांत या माणसानं मला परवानगी मागितलेली नव्हती. स्टुलावरचे औषधांचे खोके खाली ठेवले आणि त्यांना बसवलं. बराच वेळ ते रस्त्याकडे बघत बसले. काकू त्यांना शोधत आल्या, तेव्हा ते ताडकन उठून हसले.