जखमीनं हलायचं नाही!

साहेब, सोनगीरच्या भूपेंद्रचा पाय तुम्ही मोडला! हो, तुम्हीच. तुमच्या हातात हातोडा नव्हता, हार होता, म्हणून काय झालं?

त्या सकाळी हाच भूपेंद्र घरात छाती काढून सांगत होता, "कोकिळा, लोकांनी आजवर जखमी खूप पाहिले. आज नमुनेदार जखमी पाहतील!"

महामार्गावर, गावच्या फाट्याला अपघाताची रंगीत तालीम होती. प्रथमोपचार शिकलेली गावची पोरं जखमीला उचलणार आणि साहेब बघणार. जखमी व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा भूपेंद्रनं आपणहून नाव दिलं. त्याला कारण होतं, आणि ते कारण ओसरीत खाटेवर पडून होतं. मागे त्याचे वडील रुपचंदनाना याच फाट्यावर मोटारसायकलवरून पडले. धावत आलेल्या भल्या माणसांनी त्यांना हातपाय धरून उचललं आणि चादरीसारखी घडी घालून जीपमध्ये कोंबलं. पडण्यातून वाचलेला मणका त्या घडीत गेला. नाना पुन्हा उठून बसले नाहीत.

"माणसाला फळीवर उचलतात, हे एकदा बठ्ठा गावले दिसू दे," भूपेंद्र म्हणाला. "तोवर मी हालाव नही!"

"तुम्ही? जेवताना तरी एका जागी बसता का?" असं म्हणत कोकिळानंच नवऱ्याचं रक्त तयार केलं. काकवीत कुंकू घोटलं. रक्त असं झक्क जमलं, की दूध द्यायला आलेली शेजारीण दूध घेऊनच परत पळाली!

शिकवणारे धनसिंग मास्तर कडक. त्यांनी भूपेंद्रला रस्त्याकडेला, नाल्यावरच्या मोरीच्या कठड्याशी उताणा निजवला. "मणक्याला मार. बेशुद्ध. काय वाट्टेल ते होवो, जखमीनं हलायचं नाही!"

"मेलो तरी नाही हलणार, सर!"

ऊन डोक्यावर आलं, पण साहेब काही आले नाहीत. आल्या त्या मुंग्या! काकवीची बातमी त्यांना लागली होती. पहिली मुंगी पाहणी करून गेली आणि परतली ती सोयऱ्याधायऱ्यांसकट. बनियनच्या आत पंगती बसल्या! भूपेंद्रनं दात आवळले. हलला नाही.

तेवढ्यात बसची वाट बघणाऱ्या वच्छलाबाईंनी त्याला पाहिलं. टोपलीतला कांदा बुक्कीनं फोडून त्यांनी थेट त्याच्या नाकात दाबला.

"अक्का, मी नकली शे!" भूपेंद्र ओठांतून पुटपुटला.

"डोकाले मार शे बिचाराले!" म्हणत त्यांनी दुसरा कांदा फोडला.

अखेर साहेबांची गाडी आली. आता उचलतील! पण टोपी-टॉवेल दिल्याशिवाय पाहुण्याला पाणी विचारायची आपल्याकडे रीत नाही. माईकवर गावचा सूत्रसंचालक लीलाधर. "आधी सत्कार! जखमींनी कृपया थोडं थांबावं!"

साहेबांना टोपी-टॉवेल, साहेबांच्या साहेबांना टोपी-टॉवेल, ड्रायव्हरलाही टोपी-टॉवेल. मग लीलाधरला उमाळा आला. "आपला जखमीसुद्धा सत्काराचा मानकरी!" टाळ्या! साहेब खाली आले. भूपेंद्रच्या गळ्यात हार, डोक्यावर टोपी, अंगावर कोरा टॉवेल, छातीवर नारळ.

तेव्हाच बस थांबली. खिडक्यांतून माणसांनी काय पाहिलं? उताणा माणूस, अंगावर कोरं कापड, गळ्यात हार! वच्छलाबाईंनी हंबरडा फोडला, "गया वं माय!" बस रिकामी झाली. बायका रडायला बसल्या. एकानं तर भूपेंद्रच्या पायांवर डोकं ठेवून मागचं भांडण मिटवलं!

भूपेंद्रनं डोळा किलकिला केला. फळी कुठाय? फळी स्टेजवर होती! दोन खुर्च्यांवर आडवी, वर पांढरी चादर, चादरीवर नारळांची रास!

"ती फळी मनी शे!" भूपेंद्र ताडकन उठला. मढं उठलं म्हणून गर्दी किंचाळत उधळली. तिच्या रेट्यात त्याचा पाय नारळावर पडला आणि तो कठड्यावरून थेट कोरड्या नाल्यात! कट्ट!

"मना पाय मोडना!"

"व्वा!" वरून साहेबांनी टाळी वाजवली. "काय हुबेहूब वेदना!"

"सायेब, खरंच मोडना!"

"बघा, अजून भूमिकेत आहे!" म्हणत साहेब जेवायला गेले.

शिकलेली पोरं नाल्यात उतरली. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय.

"फळी लया रे!" भूपेंद्र बोंबलला.

"तिच्यावर सायेबना नारळ शेतस, भाऊ!"

मग जीप आली. मग घडी.

आता ओसरीत दोन खाटा आहेत. प्लास्टरकडे बघत नाना एवढंच म्हणाले, "तुनीबी घडी घाली का रे?"

कोकिळा हसली नाही.

साहेब, पेपरात तुमचा फोटो आलाय. खाली छापलंय, 'तालीम यशस्वी'. फोटोत फळीही आहे, नारळांखाली. नारळाला फळी मिळाली, माणसाला का नाही? उत्तर द्या. सावकाश द्या. भूपेंद्र आता कुठे हलत नाही!