कूलरचा पाइंट आणि कादरी सर

कादरी सरांना किती वाजले म्हणून विचारलं, की ते घड्याळाचा हात पाठीमागं नेतात आणि म्हणतात, "तुमची सावली कुठं पडलीय?" तुम्ही म्हणता, पायाशी. "मंग किती वाजले असतील?" तेवढ्यात तुमची उदगीरची एसटी स्टँडातून निघून जाते. सर मात्र खूश असतात, कारण साडेबारा हे तुमचं तुम्ही काढलेलं असतं.

सर आमचे शेजारी, अगदी भिंतीला भिंत. लातुरातल्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. कुठल्याही प्रश्नाचं सरळ उत्तर देणं त्यांना गुन्ह्यासारखं वाटायचं. "उत्तर सोडा, रस्ता सांगा," हे त्यांचं पालुपद, आणि जोडीला, "अंदाज नको, सबूत द्या." एका लग्नात आचाऱ्यानं वरणाची वाटी त्यांच्यापुढं धरून मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारलं. सरांनी डाळ किती, पाणी किती, मीठ कधी टाकलं, इथून सुरुवात केली. पंगत अर्धा तास उशिरा बसली. एकदा ताप घेऊन दवाखान्यात गेले, तर डॉक्टरलाच म्हणाले, "ताप कामून येतो, हे तुम्ही सांगा बरं." तेव्हापासून तो डॉक्टर त्यांना सगळ्यात शेवटी आत घेतो.

असा मास्तर लातुरात, म्हणजे क्लासच्या गावात. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर 'मुलींसाठी रूम मिळेल' अशी पाटी आहे. एक क्लासवाले सरांना न्यायला आले होते. सरांनी विचारलं, "पोरांना विचार करायला किती वेळ देता?" ते म्हणाले, "सर, तेवढी तकलीफच ठेवत न्हाई आमी. प्रश्न बी छापून देतो, खाली चार उत्तरं बी." सरांनी त्यांना चहा पाजला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आले.

पोरांचं नाव कॉलेजात आणि मुक्काम क्लासात, अशी तेव्हा रीतच पडली होती. एकदा पुतण्याच्या दाखल्यासाठी मी कॉलेजात गेलो आणि सहज प्रयोगशाळेत डोकावलो. चार टेबलांवर तारा, बॅटऱ्या, मीटर अगदी नीट मांडून ठेवलेले, आणि सर एकटे खुर्चीवर. मी विचारलं, रोज मांडता? "हाव. एखादं आलं तर?" सर एप्रिलअखेरीला निवृत्त होणार होते. म्हणाले, "उत्तर पाठ करणारे लई आले. जायच्या आधी एक जण पायजे, जो स्वतःच्या पायानं उत्तरापर्यंत चालत जाईल. एकच बस."

त्याच एप्रिलात आमच्या हॉलमधला कूलरचा पाइंट मेला.

मी डाळमिलच्या ऑफिसात बसणारा माणूस. वीज म्हणजे मला बटण ठाऊक. तरी टेस्टर लावून बघितला, तर लाल पेटला. म्हणजे करंट आहे, म्हणजे कूलर बिघडला, असा हिशोब करून कूलर हातगाडीवर घातला आणि दुकानात नेला. मेकॅनिकनं पिन लावली. कूलर असा सुटला की त्याच्या टेबलावरचे कागद रस्त्यावर गेले. तो माझ्याकडं बघून हसला. मी कूलर परत आणला, आणि घामानं भिजलेला असा दारात उतरवत असताना सरांनी बघितलं.

"कोनाला बोलवू नका," सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकले होते. मी ओळखलं, आपला उन्हाळा गेला.

दोन संध्याकाळी आमच्याकडं वर्ग भरला. मी, माझी बायको सुनंदा आणि फोडणीच्या मिरच्या निवडत बसलेली आई. सर खुर्चीत. "टेस्टर पेटतो, पन कूलर चालत न्हाई. कामून?" मी म्हणालो, फ्यूज. "मंग टेस्टर कसा पेटला? सबूत?" मी म्हणालो, सॉकेट सैल असेल. सरांनी मेन बंद करून सॉकेट खोललं, मला दाखवलं, परत लावलं. घट्ट होतं. मी म्हणालो, व्होल्टेज. "सबूत?" सुनंदा म्हणाली, "सर, वायरमन धा मिन्टात करून जाईल." सरांचा चेहरा पडला. मला सुनंदाचा राग आला आणि सरांचाही आला, कारण उकाडा दोघांपेक्षा जास्त होता.

शेवटी सर जरा नरमले. म्हणाले, "एवढं सांगतो. विजेला यायला एक रस्ता लागतो आन परत जायला एक. टेस्टरला फक्त येनारी कळते."

मी मान हलवली. मला काही कळलं नव्हतं. मिरच्यांचं ताट बाजूला सारत आई म्हणाली, "म्हंजी नळाला पानी येऊन राह्यलंय, पर मोरी तुंबली."

सर खुर्चीतून उठले. आई चौथी शिकलेली. इतक्या वर्षांत सर तिच्याशी कोथिंबिरीच्या पलीकडं बोलले नसतील. "भाबी," ते हळू म्हणाले, "मोरी कुठं तुंबली आसंल?"

"कुठून जातीया तेच्यावर हाय."

"हॉलमधल्या, मीटरशेजारच्या मोठ्या बोर्डावरून. हॉलचा पाइंट हॉलच्याच बोर्डावरून निघतो."

"न्हाई सर," आई म्हणाली. "अंदाज नगं."

सरांना हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

आईनं मग सांगितलं. भूकंपात आमचं जुनं घर तडकलं आणि वडिलांनी हे नवं बांधलं. त्या दिवसापासून त्यांनी भिंतीला छिन्नी म्हणून लावू दिली नाही. साधा खिळा ठोकायचा तर ते अंगणात जाऊन उभे राहायचे. पुढं कूलर आला. वायरमन म्हणाला, हॉलची भिंत फोडून नवी लाइन ओढतो. वडील म्हणाले, भिंतीला हात लावशील तर पैसे मिळणार नाहीत, जिथून भोक आहे तिथून ने. भोक एकच होतं, स्वयंपाकघराच्या झरोक्याचं. "मिक्सरच्या बोर्डातून वायर काढली, झरोक्यातून हिकडं आनली. मी सटूल धरून हुबी व्हते." त्या वायरच्या पट्टीवर नंतर तीनदा रंग चढला, आणि वडील गेल्यावर ते आम्ही विसरूनच गेलो.

मी म्हणालो, पण मिक्सर तर चालतोय. सकाळीच चटणी वाटली.

सर आईकडं बघत होते. आईनं जरा विचार केला. "मिक्सरची मोरी चालू हाय. तिथून म्होरं कूलरची जी जोडलीया, तीच निसटली आसंल. मिक्सरला काय कळनार?"

सरांनी मेन बंद केला. मिक्सरचा बोर्ड त्यांनी स्वतः खोलला. एका स्क्रूखाली परतीच्या दोन काळ्या तारा हव्या होत्या. एक होती. दुसरी जळून तुटलेली, बोटभर मागं सरकून बसलेली. सरांनी ती तासली, पिळली, घट्ट आवळली. मेन लावला, आणि हॉलमध्ये कूलर सुरू झाला. सुनंदा पळत जाऊन त्याच्यासमोर बसली.

सर स्वयंपाकघरातच उभे. "मला ठाऊक नव्हतं, भाबी," ते म्हणाले. "मी हॉलच्या बोर्डावरच आडून बसलो होतो. दोन दिवस." चुकलेला माणूस इतका खूश झालेला मी पाहिला नाही. मग पायातली चप्पल नीट करत, खाली बघत म्हणाले, "परवा माझा शेवटचा तास हाय. याल का?"

आई म्हणाली, मी कॉलेजात येऊन काय करू, लोक हसतील. सर म्हणाले, हसायला तिथं कुणी नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं इरकलीतली बरी साडी नेसली. मी स्कूटरवरून नेलं आणि प्रयोगशाळेच्या दाराशी थांबलो. टेबलांवर तारा, बॅटऱ्या मांडलेल्या. आई पहिल्या बाकावर टोकाला बसली, पिशवी मांडीवर. सरांनी हजेरीपट उघडला आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचे. सगळी नावं संपली. पानाच्या तळाशी पेन टेकवून ते अडले, कारण इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना आईचं नाव माहीत नव्हतं.

"नाव?"

"गयाबाई."

सरांनी ते लिहिलं. मग सावकाश वाचलं, "गयाबाई."

आई पदर सावरत उभी राहिली. "हजर हाय, सर."

सरांची मान खाली गेली ती वर येईना. मी दारात उभा राहून रडत होतो, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. आई बाकावर बसत म्हणाली, "सर, सुरू करा. मला लई इचारायचंय."