सासूबाईंच्या गोष्टीचा शेवट

स्टुडिओचं दार ढकलून सासूबाई बाहेर आल्या, खांद्यावरची शाल सारखी केली आणि म्हणाल्या, "झाली बाई एकदाची शेवटची गोष्ट." त्याच वेळी शेजारच्या थंडगार खोलीत सर्व्हरच्या स्क्रीनवर लाल अक्षरं उमटत होती : डिस्कवर लिहिता आलं नाही. त्याखाली तीच ओळ. त्याखाली पुन्हा तीच. स्क्रीनसमोर बसलेल्या त्यांच्या जावयाच्या तोंडचं पाणी पळालं.

कंपनीत त्यांना सगळे जावईबापूच म्हणत. ज्यांना झोप येत नाही अशा मोठ्या माणसांना फोनवर गोष्टी ऐकवणं हा कंपनीचा धंदा, आणि तो चालत होता एकट्या सासूबाईंच्या आवाजावर. त्या डोळे मिटून बसायच्या, तोंडाला येईल ती गोष्ट सांगायच्या आणि उठल्या की विसरून जायच्या. लिहून काढणं त्यांना मंजूर नव्हतं. तीच गोष्ट पुन्हा सांगा म्हटलं, की "मी उष्टं वाढत नाही," एवढंच उत्तर मिळायचं. आता डॉक्टरांनी त्यांच्या घशाला सक्तीची विश्रांती सांगितली होती. उद्यापासून कित्येक महिने तोंडातून शब्द काढायचा नव्हता. आणि ही शेवटची गोष्ट शुक्रवारी सगळ्या श्रोत्यांना एकदम पाठवणार, असं साहेबांनी जाहीरही करून टाकलं होतं.

म्हणजे गोष्ट एकच, सांगणारी एकच, ठेवायची जागा एकच, आणि त्या जागेची वाट जावईबापूंनी लावलेली. कारण रविवारी कुणीही सांगितलं नसताना त्यांनी सर्व्हरची सिस्टिम नवी करून ठेवली होती. घरी पाहुणे होते, आणि घराबाहेर पडायला त्यांना एक सभ्य कारण हवं होतं.

"झालं ना सगळं जतन?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"हो आई, अगदी व्यवस्थित," जावईबापू म्हणाले आणि अंगानं स्क्रीन झाकून उभे राहिले.

त्या गेल्यावर जावईबापूंनी आधी केबल बदलली. लाल ओळी तशाच. मग डिस्क बदलली. बाहेर काढलेली डिस्क तपासली तर ठणठणीत, आणि नवी घातलेली डिस्क जुनीपेक्षा जास्त तक्रार करू लागली. छोट्या फाइली मात्र निमूटपणे लिहिल्या जात होत्या. चहाचं बिल लिहिलं गेलं, साहेबांचा फोटो लिहिला गेला. लांबलचक काही लिहायला घेतलं की अर्ध्या वाटेवर घोडं पेंड खायचं.

सासूबाईंची गोष्ट लांबलचक होती. ती लावून पाहिली तर सुरुवात शाबूत होती. एक लाँड्रीवाला असतो. धुण्यात चुकून एक ढग आलेला असतो. तो ढगाला इस्त्री करतो, घडी घालतो आणि ज्याचा असेल त्याला परत द्यायला निघतो. गच्चीमागून गच्ची चढतो आणि विचारतो, हा तुमचा का? खोलीत गार वारा फिरत होता, पंखे एका सुरात घुमत होते, आणि तो आवाज जावईबापूंच्या पापण्यांवर अलगद येऊन बसला. जागे झाले तेव्हा उन्हं कलली होती आणि गोष्ट केव्हाच बंद पडली होती. ती नेमकी कुठे बंद पडली, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

आता हे साहेबांना सांगणं भाग होतं. साहेब आले, स्क्रीनकडे पाहिलं, जावईबापूंकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले.

"किती गेलीय गोष्ट?"

"तेच तर कळत नाहीये. ऐकता ऐकता डोळा लागतो."

"मी उभ्यानं ऐकतो," साहेब म्हणाले. तिसऱ्या गच्चीपाशी त्यांनी सर्व्हरच्या कपाटाला खांदा टेकला आणि तसेच झोपले. जावईबापूंनी गोष्ट दुप्पट वेगानं लावून पाहिली, तर दोघांनाही दुप्पट वेगानं झोप लागली.

"आपले काका कशाला आहेत मग?" जागे झाल्यावर साहेबांना आठवलं.

ऐकणारे काका हे कंपनीतलं मोठं पद होतं. काचेपलीकडे बसून ते रेकॉर्डिंग सुरू करायचे, कानाला हेडफोन लावून पूर्ण गोष्ट ऐकायचे, आणि 'शेवटपर्यंत ऐकली' असा शेरा दिला की मगच गोष्ट बाहेर जायची. काकांना बोलावलं.

"काका, त्या ढगाचं शेवटी काय झालं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "छान झालं," ते म्हणाले.

"छान म्हणजे काय? कुणाचा निघाला?"

"आता कसं सांगू साहेब... सुखान्त आहे एवढं नक्की." यापलीकडे काकांनी ताकास तूर लागू दिली नाही.

राहिली बायको. जावईबापूंनी संध्याकाळी घरी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हीच मोठी गोष्ट.

"अरे, उद्यापासून ती बोलणारसुद्धा नाही. हे कळलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल तुला."

"तू ऐकून बघतेस का? निदान कुठे तुटलीय एवढं तरी सांग."

"मी? त्या आवाजावर लहानाची मोठी झालेय मी," ती म्हणाली आणि तिनं हेडफोन लावला. लाँड्रीवाला दुकानाचं दार उघडायच्या आत ती झोपली होती. थोड्या वेळानं उठून तिनं स्वयंपाकघरात आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तो ढग शेवटी कुणाचा गं?"

"गोष्ट ऐक म्हणजे कळेल," सासूबाई म्हणाल्या आणि गुळण्या करायला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं मौन सुरू झालं.

इकडे जावईबापूंना दुखण्याचं मूळ सापडलं. सगळ्या डिस्क ज्या कार्डाला जोडलेल्या होत्या ते कार्ड जुनं, आणि कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, रविवारच्या सिस्टिमबरोबर आलेला, नवाकोरा. चार शब्दांचं बोलणं असलं की दोघांचं निभायचं. बोलणं लांबलं की कार्ड मध्येच गप्प बसायचं आणि ड्रायव्हर पुढचं सगळं वाऱ्यावर सोडून द्यायचा. कुठल्या कार्डाचं कुठल्या ड्रायव्हरशी पटतं याचा तक्ता कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं दिलेला होता. सोयरीक जुळवण्याआधी तो बघायचा असतो. जावईबापूंनी तो आता, वरात घरी आल्यावर उघडला. जुना ड्रायव्हर परत घातला, आणि लाल ओळी थांबल्या.

"थांबल्या म्हणजे दुरुस्त झालं?" साहेबांनी विचारलं.

"एक जुनी गोष्ट लिहून पाहिलीय. मशीन म्हणतंय, पूर्ण लिहिली."

"मशीनवर माझा विश्वास नाही आता. पूर्ण आहे हे माणसानं ऐकून सांगायचं."

पुन्हा तोच पेच. साहेबांनी ऐकली, झोपले. काकांनी ऐकली, झोपले आणि झोपेतच शेरा दिला. दुपारभर त्या थंड खोलीत कुणी ना कुणी शांतपणे श्वास घेत होतं, खिडकीतलं ऊन एका कपाटावरून दुसऱ्यावर सरकत होतं, आणि सर्व्हरचे हिरवे दिवे संथपणे लुकलुकत होते. जावईबापूंनाही मध्येच स्वप्न पडलं, की ते स्वतः एक ढग खांद्यावर टाकून ऑफिसात हिंडताहेत आणि कुणीच तो आपला म्हणत नाही.

सरळ शेवट लावून बघावा, हे कुणालाच सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी धीर झाला नसता. गोष्ट मधूनच ऐकायची नाही, हा सासूबाईंचा नियम होता, आणि तो घरात चालायचा तितकाच ऑफिसातही. पण आता हातघाईची वेळ होती. जावईबापूंनी दार लावून घेतलं, मनातल्या मनात सासूबाईंची माफी मागितली आणि जुन्या गोष्टीचा शेवटचा भाग लावला.

आत घोरणं होतं. हलकं, समाधानी, संथ घोरणं. बराच वेळ ते चाललं, मग काचेवर टकटक झाली, सासूबाई दचकल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "झाली बाई गोष्ट."

जावईबापूंना आधी वाटलं, ड्रायव्हरनं हा काय नवा घोळ घातला. मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली, तिसरी काढली, अगदी पहिलीही काढली. सगळ्यांच्या शेवटी तेच. ढगाची गोष्ट तेवढी तुटलेली होती, पण तीही घोरण्याच्या मधोमध. सासूबाईंच्या आवाजानं सगळ्यांना झोप यायची आणि त्यात सासूबाईही आल्या. काचेपलीकडे काका झोपलेले, अलीकडे त्या झोपलेल्या. जो आधी जागा व्हायचा तो दुसऱ्याला उठवायचा, आणि दोघांनाही वाटायचं की गोष्ट दुसऱ्यानं तरी पूर्ण केली. इतक्या वर्षांत एकाही गोष्टीला शेवट नव्हता, आणि एकाही श्रोत्याची तक्रार नव्हती. जावईबापूंच्या जिवात जीव आला. त्यांनी आपल्या सासूबाईंचा शब्दही हरवला नव्हता. हरवली होती ती फक्त त्यांची झोप. पण हे त्यांना सांगणार कोण?

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. शुक्रवारी गोष्ट होती तेवढीच गेली. काकांनी शेरा दिला, 'शेवटपर्यंत ऐकली.' रविवारपर्यंत श्रोत्यांच्या संदेशांचा पाऊस पडला. 'शेवट काळजाला भिडला.' 'असा शेवट त्याच करू जाणे.' एका बाईंनी लिहिलं होतं की शेवट ऐकताना त्या रडल्या.

संध्याकाळी सासूबाई आरामखुर्चीत बसून ते संदेश एकेक करून वाचत होत्या. वाचता वाचता थांबल्या. चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं. मग फोन त्यांच्यापुढे धरला, 'शेवट' या शब्दावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. तोंडातून शब्द काढायची बंदी होती. जावईबापूंना वाटलं, आता परीक्षा. मग त्यांनी त्या डोळ्यांत नीट पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की सासूबाईंना शेवट खरंच माहीत नाहीये. गोष्टीत पुढे काय होतं हे जाणून घ्यायची लहान मुलाला असते तशी घाई तिथे होती, आणि ती लपवायची धडपडही. जावईबापूंना त्यांची फार माया आली.

"शेवटी ना आई," ते म्हणाले आणि खुर्ची जवळ ओढली, "लाँड्रीवाला सगळ्या गच्च्या फिरतो. कुणीच ढग आपला म्हणत नाही. अंधारून येतं. तो दमून आपल्याच गच्चीवर येतो. तिथल्या दोरीवर सगळे कपडे असतात, फक्त मधे एका ढगाएवढी जागा रिकामी असते."

सोफ्यावर बायकोचा डोळा लागला. सासूबाई मात्र टक्क जाग्या होत्या.

"तो ढग त्याचाच असतो. इतका स्वच्छ झालेला की त्याला ओळखूच आला नव्हता. मग तो त्याला दोरीवर टाकतो, दोन चिमटे लावतो आणि खाली जाऊन झोपतो."

सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले, इकडेतिकडे पाहिलं आणि डॉक्टरांचा हुकूम मोडून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगदी असंच सांगितलं होतं मी."

"हो आई."

"फक्त त्या गच्चीपाशी तुम्ही जरा घाई केलीत."