फाडलेल्या कूपनाचं जेवण

आमच्या कॅन्टीनमध्ये कूपनाशिवाय जेवण मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. शिस्त नको का?

आमच्या भांडारपालांना अल्सर. जेवणाची वेळ चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून बायकोने सकाळी पुस्तिकेतलं एक कूपन फाडून त्यांच्या खिशात ठेवलं. बिचारीने मायेनेच केलं हो, पण माया नियमावलीत बसत नाही.

"फाडलेलं चालत नाही," खिडकीतले व्यवस्थापक म्हणाले. "फाडायचा अधिकार आमचा."

"अहो, तुम्हीसुद्धा फाडणारच होता ना?"

"होतो ना. आता काय फाडू?"

मुद्दा बिनतोड होता. रांग खोळंबली तसे अधीक्षक आले. वाचनाची आवड असलेला माणूस, त्यांनी थेट शब्दकोशच मागवला. कूपन शब्द मूळचा फ्रेंच, 'कापणे' या क्रियापदावरून आलेला. पूर्वी कर्जरोख्याच्या कडेचे तुकडे कापून द्यायचे आणि व्याज घ्यायचं, ते तुकडे म्हणजे कूपन.

भांडारपालांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे माझंच खरं!"

"अर्थात. पुस्तिकेला चिकटलेला तो नुसता कागद."

"मग साहेब," व्यवस्थापकांनी अदबीने विचारलं, "नुसत्या कागदावर या बाकीच्यांना जेवण कसं देऊ?"

झालं! भांडारपाल जुन्या नियमाने बाद, आम्ही सगळे नव्या अर्थाने बाद. तातडीने समिती बसली. समितीला जेवण आत पोचलं, कारण बैठकीच्या जेवणाला कूपन लागत नाही.

भांडारपाल पोट धरून उभे होते. "दोन घास द्या हो कुणीतरी," ते म्हणाले. आम्हाला फार वाईट वाटलं. तसं आम्ही एकमेकांना बोलूनही दाखवलं.

अखेर निर्णय आला. कूपन आधी फाडावं, म्हणजे ते कूपन होईल. मग ते डिंकाने पुस्तिकेला चिकटवावं, म्हणजे व्यवस्थापकांना फाडता येईल. सगळ्यांनी आनंदाने डिंकाची बाटली फिरवली. भांडारपालांची पुस्तिका मात्र घरी होती. त्यांना घेरी आली, शिपायांनी उचलून बाहेरच्या बाकावर निजवलं.

आमच्यापैकी कुणी आपल्या ताटातलं का दिलं नाही, असं तुम्ही विचाराल. देणारच होतो हो! पण त्यांना उचललं आणि रांगेत एक जागा रिकामी झाली. आता खरं सांगा, तुम्ही मागे उभे असता, तर पुढे सरकला नसता?