सातव्या लेनची टोपली

"अडतीस वर्षं टपाल निवडलंय मी! चुकीच्या खणात एक कार्ड गेलं नाही कधी. आणि बाई, तुम्ही मला टोपली उचलायला शिकवताय?"

मामा हे बोलले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. आभाळ असं भरलेलं, की सूर्यानंही रजा टाकली असावी. एका अवाढव्य क्रीडांगणाच्या पोटातली ती खोली, ट्यूबलाइटचा आजारी उजेड, आणि दोन मापं मोठा बनियन घालून उभे असलेले आमचे मामा! त्या बनियनवर 'स्वयंसेवक' असं लिहिलेलं होतं, पण घड्या इतक्या पडल्या होत्या, की वाचणाऱ्याला नुसतं 'सेवक' दिसे. मामांना तेही चालत होतं. सेवा म्हटली की माणूस लहान होत नाही, असं ते नेहमी म्हणत. चुका मात्र मोठ्या होऊ शकतात, हे त्यांना अजून कळायचं होतं.

आता टोपली म्हणजे काय, ते ऐका. देशोदेशीच्या बायकांची शंभर मीटरची शर्यत. धावणाऱ्या मुली सुरुवातीच्या रेषेवर येतात त्या अंगात गरम कपडे घालून. शर्यत सुटण्याआधी ते उतरवतात आणि आपल्यामागं ठेवलेल्या प्लास्टिकच्या टोपलीत टाकतात. ती टोपली उचलायची आणि शंभर मीटर पलीकडं, शर्यत संपते तिथं नेऊन ठेवायची. झालं! एवढंच काम. शेंबडं पोरही करील.

पण व्यवस्थापक बाई शेंबड्या पोरावरही विश्वास टाकणाऱ्या नव्हत्या. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, "आखूड आखूड शिट्ट्या वाजतील, त्या मुलींसाठी. कपडे उतरवा म्हणून. तेव्हा तुम्ही हलायचं नाही! मग एक लांब शिट्टी वाजेल, ती तुमच्यासाठी. आठही जणांनी एकदम टोपली उचलायची, उजवीकडं वळायचं, रांगेनं निघायचं. कळलं का मामा?"

"कळलं, कळलं. शिट्टी वाजली की उचलायचं."

"लांब शिट्टी!"

"लांब तर लांब!"

बाईंनी कपाळाला हात लावला. पण मामांचं तरी काय चुकलं? टपालाच्या निवडणीखोलीत रोज संध्याकाळी गाडीवाला एकच शिट्टी मारायचा. शिट्टी वाजली की पिशवीचं तोंड बंद, तोंड बंद की पिशवी खांद्यावर, आणि खांद्यावर आली की मामा दारात. अडतीस वर्षं! माणसाच्या हाडात एकदा शिट्टी भिनली की ती आखूड की लांब, हे हाडं विचारत नाहीत.

बरं, एवढा आटापिटा कशासाठी? तर सातव्या लेनमध्ये मामांची भाची धावणार होती. ताईची लेक. घरात तिला सगळे टिटवी म्हणत. लहानपणी ती मामांच्या सायकलीच्या पुढं पळायची आणि वर मागं वळून ओरडायची, म्हणून. टिटवी आता बत्तीस वर्षांची होती. चार मोठ्या स्पर्धांत धावली, आणि चारही वेळा पहिल्याच फेरीतून परत आली. ही पाचवी, आणि शेवटची. गुडघ्यानं तसं स्पष्टच कळवलं होतं. आठ जणींतल्या पहिल्या तिघी पुढच्या फेरीत जाणार. एकदा, फक्त एकदा त्या पुढच्या फेरीत पाय ठेवायचा, एवढं तिचं मागणं होतं.

आणि मामांनी तिला मोठ्या मैदानावर पळताना एकदाही पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी ड्यूटी! टिटवी कुठं तरी पळायची, आणि मामा कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका खणांत टाकत बसायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी देवासमोर हात जोडून सांगितलं होतं, "एकदा हिला डोळे भरून पळताना पाहू दे, मग मी तुझ्याकडं काही मागणार नाही."

देवानं ऐकलं. पण चिठ्ठ्यांमध्ये मामांच्या वाट्याला तिसरी लेन आली. मग मामांनी सातव्या लेनच्या स्वयंसेविकेला गाठलं. ती शाळेत चित्रकला शिकवणारी, गरीब गाय.

"बाई, माझी भाची आहे हो सातव्या लेनमध्ये. तिची टोपली मला द्या. परक्या हातात कशाला?"

"पण मामा, टोपली टोपलीसारखीच असते ना?"

"असं कसं! पत्रही पत्रासारखंच असतं. आपल्या माणसानं दिलं की गोड लागतं."

चित्रकलेच्या बाई विरघळल्या. अदलाबदल झाली. संकट असं येतं बघा, गोड बोलून!

साडेनऊला मुली आल्या. वारा असा बोचरा, की झेंडेही अंग चोरून उभे होते. प्रेक्षकांत चार माणसं, तीही ब्लँकेटात. टिटवीनं मामांना पाहिलं आणि डोळे मोठे केले.

"मामा? तू इथं?"

"बोलू नकोस. मी ड्यूटीवर आहे."

"अरे पण..."

"टिटवे, समोर बघ. टोपलीची काळजी माझ्यावर सोड!"

काळजी त्यांच्यावर सोडायला नको होती, हे तिला पुढच्या दोन मिनिटांत कळणार होतं.

आखूड शिट्ट्या वाजल्या. मुली भराभर कपडे उतरवू लागल्या. टिटवीच्या विजारीची चेन घोट्याशी अडकली, आणि खिळ्यांच्या बुटावरून पायचा काही निघेना. तिनं झटक्यात डावा बूट काढला, टोपलीत टाकला, विजार ओढून काढली, तीही टोपलीत भिरकावली, आणि बूट घ्यायला मागं वळली.

टोपली नव्हती.

मामाही नव्हते. विजार टोपलीत पडली, म्हणजे पिशवी भरली. शिट्टी तर वाजलीच होती! मामा टोपली छातीशी धरून, मान ताठ करून, धावपट्टीच्या कडेनं निघाले होते. मागं वळून त्यांनी एकदा पाहिलं. बाकीचे सात जण अजून जागेवरच, खांबासारखे! 'काय ही ढिली माणसं,' मामा मनात म्हणाले. 'शिट्टी वाजून युग लोटलं!' आणि त्यांनी चाल वाढवली.

"मामा! ए मामा!" टिटवीची हाक आली.

'शाबासकी देतेय पोरगी,' असं वाटून मामांनी टोपली एका हातात घेतली आणि दुसरा हात हलवला. त्या हलण्यात विजार सरकली, आणि खाली एक बूट दिसला. डावा. खिळ्यांचा. एकटा.

मंडळी, पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तशी ती लाल धावपट्टी मामांच्या पायाखालून सरकली! निम्मी वाट चालून झाली होती. मागून लांब शिट्टी वाजली; आता बाकीचे सात जण रांगेनं मागून येत होते. मामांनी टोपली तिथंच टाकली, बूट उचलला आणि उलटे पळत सुटले. रांगेतून आरपार! तिसऱ्या लेनची टोपली आडवी, चित्रकलेच्या बाई तिच्यावर, आणि कुठल्या तरी देशाचं जाकीट वाऱ्यावर.

"जागेवर!" बंदूकवाल्या पंचानं हुकूम दिला. मैदान चिडीचूप झालं. आठ मुली खाली वाकल्या, आणि त्या शांततेत मामांच्या पावलांचा आवाज असा घुमला, जसा कुणी रिकाम्या घरात पिंप लोळवतंय!

"थांबा! थांबा हो! टपाल... आपलं, बूट!"

पंचानं बंदूक खाली घेतली. मुली उठून उभ्या राहिल्या. दोन सुरक्षारक्षकांनी मामांना हवेतच झेललं. टिटवीपासून वीस पावलांवर.

टिटवीनं हात वर केला. "साहेब, तो माझा बूट आहे. मला द्या."

मुख्य पंच आला. त्याचा चेहरा थंड चहासारखा. "शर्यतीच्या वेळी बाहेरच्या माणसाकडून वस्तू घेता येत नाही."

"अहो, बाहेरचा कसला? मामा आहे माझा!"

"मग तर मुळीच नाही."

"साहेब, बूट तिचाच आहे," मामा अधांतरी ओरडले. "मी फक्त आणून देतोय!"

"एकदा टोपलीत गेला की तो बूट नाही, सामान आहे," पंच म्हणाला. "टोपली एकदा उचलली की सामान शेवटच्या रेषेलाच मिळतं. नियम आहे."

अडतीस वर्षांत किती माणसं मामांच्या निवडणीखोलीच्या खिडकीशी येऊन रडली होती! 'मामा, रागाच्या भरात पत्र टाकलं हो पेटीत, परत द्या ना.' आणि मामा चष्म्यावरून बघून म्हणायचे, 'पेटीत पडलेलं पत्र तुमचं राहत नाही. आता ते पत्त्यावरच मिळेल.' तो नियम मामांना फार सुंदर वाटायचा. आज तो नियम समोर उभा राहून त्यांच्याकडं बघत होता. देव भावाचा भुकेला असतो म्हणतात, पण पंचाचं पोट भरलेलं होतं.

"एका बुटानं पळणं नियमात बसतं," पंच टिटवीला म्हणाला. "पळणार की नाही? पुढची शर्यत सात मिनिटांवर आहे."

टिटवीनं एकदा उजव्या पायाकडं पाहिलं, एकदा डाव्या.

"पळते," ती म्हणाली.

रक्षकांनी मामांना बोगद्यात नेलं. भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि खिसे तपासले. खिशात एक रुमाल, एक जपमाळ, मोबाईल आणि गळ्यातल्या ओळखपत्राची तुटलेली दोरी. मामांनी डोळे मिटून माळेचा पहिला मणी धरला. बंदूक वाजली. पाच-सहा मणी सरकले असतील नसतील, तोवर लोकांचा आवाज उठून बसलाही होता.

मोबाईल वाजला. ताई! रक्षकाला दया आली, त्यानं घेऊ दिला.

"अरे, पाहिलंस का तू?" ताई रडत होती. "चौथी आली रे माझी पोर! दोन शतांश सेकंदानं हुकली! एका बुटानं पळाली! आणि टीव्हीवर दाखवतायत, कोणी एक येडा म्हातारा तिची टोपली घेऊन पळाला! कोण रे तो मेला?"

मामांनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"तू तिथंच आहेस ना? मग जा आणि त्याच्या दोन थोबाडीत दे माझ्याकडून!"

"हो ताई," मामा म्हणाले. "देतो."

अकराच्या सुमाराला त्यांना सोडलं, बूटही परत दिला. खेळाडूंच्या खोल्यांबाहेर एक लांब, थंड बोळ होता. त्याच्या टोकाला टिटवी बाकावर बसली होती. डाव्या पायाला पट्टी, उजव्या पायात अजून बूट. तिचा प्रशिक्षक खोलीत कुणावर तरी ओरडत होता, बहुतेक भिंतीवर. मामा हातात डावा बूट घेऊन समोर उभे राहिले. क्षमेची तीन भाषणं त्यांनी तयार केली होती. पण त्यांनी नुसता बूट पुढं केला.

"बस," टिटवी म्हणाली.

मामा बसले.

"पाय..."

"सोललाय. भरेल."

"टिटवे, बूट असता तर तू..."

"माहीत नाही, मामा." तिनं डोकं भिंतीला टेकवलं. "बूट असते तेव्हाही चार वेळा हरलेय मी. पण आता माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. तेच वाईट आहे बघ."

मामांनी मान खाली घातली. कुठं तरी नळ गळत होता.

"एक सांग," ती म्हणाली. "मी पळताना पाहिलंस तरी का? त्यासाठीच आला होतास ना?"

हो म्हणावं, असं मामांना फार वाटलं. एक खोटं, तेही पोरीच्या समाधानासाठी! देवानंही डोळेझाक केली असती. पण जीभ वळेना.

"नाही गं. भिंतीकडं तोंड होतं."

टिटवी त्यांच्याकडं बघत राहिली. तिचे ओठ थरथरले. ती आता रडणार, असं वाटून मामांनी घाईनं रुमाल काढला.

"मी पाहिलं पण तुला पळताना," ती म्हणाली. "गुडघे अजिबात वर उचलत नाहीस. आणि निघालास तेही बंदुकीच्या आधी."

मामांनी दोन्ही गुन्हे कबूल केले, आणि रुमाल स्वतःच्याच डोळ्यांना लावला.