सड्यावरची पोच

सोमवारी आमच्या खोऱ्यातली हवा निरोपांनी भरली आणि बगळे चालत येऊ लागले.

ते बांधावरून रांगेने आले. एक घार सणसांच्या अंगणात येऊन उभी राहिली. धुराला बाहेर जायला जागा नव्हती, म्हणून तो चुलीपाशीच बसून राहिला.

आमच्याकडे मोबाइलला रेंज नाही. प्रत्येक घरात कौलांखाली रेडिओची एक डबी आहे, तिच्यावर निरोप लिहायचा. एक डबी ऐकते ते दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. ज्याच्यासाठी निरोप त्याने पोच दिली की सगळ्या गप्प होतात. पोच आली नाही तर सांगत राहतात. निरोप समितीचा चिटणीस या नात्याने मी तातडीची बैठक बोलावली.

डब्यांची देखभाल रेश्मा मुलाणी करते. तिने हवा तपासली.

"सगळी गर्दी एकाच निरोपाची आहे," ती म्हणाली. "'जेवलात का?' अनुसयाकाकूंकडून, सड्यावरच्या गोठ्याला. रोज संध्याकाळी नवा जातो आणि जुना एकही उतरलेला नाही."

डोंगरावरच्या त्या गोठ्यात काकूंचे यजमान, दगडूकाका, गुरं घेऊन राहायचे. दिवाळीनंतर ते वारले. डबी अजून तिथेच आहे.

काकूंना बोलावलं. त्या पदर सावरून खाली बसल्या. चोळीची बाही दंडावर सैल झाली होती.

"काकू, समितीला तुमच्याबद्दल आदर आहे," अध्यक्ष सणस म्हणाले. "पण माझ्या अंगणात घार उभी आहे. कोंबड्या डालून ठेवल्यात."

"मग हाकला की तिला."

"कुठे हाकलू? तिला उडायला जागा नाही."

"माझ्या एवढ्याशा विचारण्यानं तुमचं आभाळ भरलं?"

"नियमाप्रमाणे भरलं."

रेश्मा हळूच म्हणाली, "काकू, गोठ्याचा पत्ता काढून टाकला तर हवा आत्ताच्या आत्ता मोकळी होईल."

"काढ की. मग मी जेवायचं कधी, तेही सांग. ते जेवल्याचं कळल्याशिवाय मी कधी ताटावर बसले नाही. आता या वयात नवी सवय कुठली लागायची?"

"म्हणजे दिवाळीपासून तुम्ही रात्रीच्या..."

"दुपारी खाते ना थोडं."

सणसांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पत्ता काढण्याचा ठराव कोणी मांडला नाही.

पोच गेली पाहिजे, यावर एकमत झालं. "मी इथूनच 'जेवलो' टाकते," रेश्मा म्हणाली. सणसांनी हरकत घेतली. पोच गोठ्यातल्या डबीवरूनच जायला हवी, शिवाय खोटी पोच नियमात बसत नाही. 'जेवलो' कळवायचं तर कोणीतरी तिथे बसून जेवलं पाहिजे.

"आणि जेवण?" मी विचारलं.

"ते मी देईन," काकू म्हणाल्या. "पण ज्याची पाळी असेल त्यानं नाचणीची भाकरी खायची. ते बाजरीला तोंड लावत नाहीत."

सणसांनी हे इतिवृत्तात घ्यायला सांगितलं.

माझ्या घरी आता वाट बघणारं कोणी नाही, म्हणून पहिली पाळी मी मागून घेतली. काकूंनी भाकरी आणि कुळथाचं पिठलं फडक्यात बांधून दिलं. "गरम आहे तोवर खा," म्हणाल्या. सडा चढताना पुढे एक कोतवाल पक्षी चालत होता. वाट अरुंद होती, म्हणून मी त्याच्या मागूनच गेलो.

गोठ्यात दगडूकाकांचं घोंगडं खुंटीला होतं. मी मांडी घालून जेवलो, हात धुतले आणि डबीवर 'जेवलो' असं कळवलं.

खालच्या डब्या एकेक करून गप्प होत गेल्या. मग उलटा निरोप आला.

"मीठ बरोबर होतं का?"

समितीचा नियम स्पष्ट होता. मी लिहिलं, "थोडं कमी होतं."

"तुम्हाला कधी पुरलंय! बसते मी आता."

त्याचीही पोच द्यायला हवी होती. मी एरवी काकूंना अहोजाहो करतो. जरा थांबून मी 'बस' असं लिहिलं.

थोड्या वेळाने खाली काकूंच्या कौलांमधून धूर वर येऊ लागला. सणसांच्या अंगणातून घार उठली. कोतवालाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पण एव्हाना त्याचं झाड जवळ आलं होतं, उरलेलं अंतर तो चालतच गेला.